पहिलीचा वर्ग आपला, पण पहिलीचा अभ्यासक्रम कोणाचा?

"पहिली-दुसरीच्या लेकरांना अ-आ-इ शिकवायला एम.ए. काहून पाहिजे?"

प्राथमिक शिक्षणात पदव्युत्तर पदवी घ्या, असं आम्ही आपल्या पोरापोरींना सांगतो तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा हसत विचारतो आणि ऐकणारेही हसतात. पण या हसण्यात एक जुनी उतरंड लपलेली आहे. मोठं ज्ञान मोठ्या माणसांकडे, मोठ्या शहरांत, मोठ्या इमारतींत. आणि लहान लेकरांना शिकवणं हे हलकं काम, ते कोणीही करावं. कामाला हलकं-भारी ठरवून माणसाला त्यावर बसवणारी व्यवस्था आपण ओळखतो. तिचं नाव आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून या हसण्याला आम्ही उत्तर देणार आहोत.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचे. पुसेगाव म्हटलं की बाहेरची माणसं साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव समजतात. आमचं पुसेगाव नकाशावर शोधावं लागतं. मुंबई-पुण्यात शिक्षणाची धोरणं लिहिली जातात तेव्हा आमच्यासारखी गावं 'मागास भाग', 'निरक्षर पालक', 'स्थलांतरित कुटुंबं' अशा रकान्यांत बसवली जातात. रकाने आखणारे आम्ही नसतो. आमची लेकरं फक्त त्या रकान्यांत मोजली जातात. आमचा झगडा नेमका इथे आहे.

तीनच रस्ते

आपल्या वस्तीतल्या पदवीधर पोराला आज तीनच रस्ते माहीत आहेत. पोलीस किंवा सैन्य भरती, एमपीएससी, आणि डी.एड.-बी.एड. करून शिक्षक भरती. अभ्यासिकेत जा, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो, खाली बसलेली पोरं याच तीन रस्त्यांची पुस्तकं वाचत असतात. त्यांच्या कष्टाला आम्ही नावं ठेवत नाही. घरात पहिला पगार येणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायची गरज नाही.

पण तिसऱ्या रस्त्याचं काय झालं ते बघा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि शिक्षकाला पगाराऐवजी मानधन सुरू झालं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सुरुवातीला महिन्याला ३,००० रुपये. पुढे ते ६,००० झाले आणि १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. याच काळात गावोगावी अध्यापक विद्यालयांचं पीक आलं. संस्थाचालकांनी दुकानं मांडली, आपल्या आईबापांनी शेतं गहाण टाकून पोरांना डी.एड. केलं. मग भरती थांबली. विद्यालयं ओस पडली आणि डी.एड. झालेली पोरं दुसऱ्याच्या रानात रोजानं जाऊ लागली. २०१३ पासून टीईटी आली. २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. २०१९-२० च्या टीईटीत तर पैसे घेऊन हजारो उमेदवारांना पास केल्याचं उघडकीस आलं. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता, त्यांच्या प्रमाणपत्राकडेही लोक संशयाने बघू लागले.

पुढचं ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सांगितलं की ज्या शिक्षकांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करायचं ठरवलं आहे. म्हणजे शिक्षक कोणी व्हावं, किती वर्षं शिकून व्हावं, किती मानधनावर राबावं, याचे नियम दर दोन-चार वर्षांनी बदलतात. यातला कोणता नियम चांगला आणि कोणता वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण एका गोष्टीवर वाद नाही. यातला एकही नियम आपण लिहिलेला नाही. आपण फॉर्म भरतो, परीक्षा शुल्क भरतो, निकालाची वाट बघतो, मोर्चा काढतो. नियम बदलला की पुन्हा फॉर्म भरतो.

नियम लिहिणारा माणूस कुठे तयार होतो, हे आपण कधी विचारलं आहे का?

फुल्यांनी काय मागितलं होतं

आपल्याला वाटतं की प्राथमिक शिक्षणाचा विचार म्हणजे खडू आणि फळा. जोतिराव फुल्यांना तसं वाटत नव्हतं. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं ते काढून वाचा. 'शाळा काढा' एवढी एकच मागणी करून ते थांबले नाहीत. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं ते म्हणाले. शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेती करणाऱ्या समाजातून यावेत, म्हणजे ते रयतेत मिसळतील, असं म्हणाले. त्या शिक्षकांना महिन्याला किमान १२ रुपये पगार द्या आणि मोठ्या गावांत त्याहून जास्त द्या, असं आकड्यानिशी मागितलं. अभ्यासक्रमही सांगितला: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य.

कोणी शिकवायचं, काय शिकवायचं, किती पगारावर आणि कोणाच्या पैशाने, हे चारही प्रश्न फुल्यांनी स्वतःच्या हातात घेतले होते. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' लिहून त्यांनी वर्गात जातीचं राजकारण कसं चालतं ते उघडं केलं होतं. आज कोणी यावर काम केलं तर त्याला 'अभ्यासक्रम अभ्यास' आणि 'शिक्षणाचं समाजशास्त्र' म्हणतात आणि विद्यापीठं त्यावर एम.ए., पीएच.डी. देतात. फुल्यांनी ज्या विषयाचा पाया घातला त्या विषयात पदवी घ्यायला फुल्यांच्या लेकरांना हसू येतं!

आणि त्या शिक्षणाने काय घडतं ते बघायचं असेल तर मुक्ता साळवेकडे बघा. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजाची ही पोर. तिने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती कुठल्या विद्यापीठात गेली नव्हती. अवघी काही वर्षं चांगल्या प्राथमिक शाळेत गेली होती. धर्माला प्रश्न विचारण्याची ताकद त्या शाळेने तिला दिली. ज्यांना ही ताकद नको आहे, त्यांना प्राथमिक शाळेचं महत्त्व आपल्यापेक्षा जास्त कळलेलं आहे.

बाबासाहेबांचे ८२

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठ दिवसांनी झाला. तळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाबासाहेब प्राथमिक शाळेची आकडेवारी मांडत होते, हे आपल्या किती भाषणांत येतं? त्यांनी दाखवून दिलं की शाळेत जाणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, हाही हिशेब त्यांनी मांडला. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाच्या स्थितीवर स्वतंत्र निवेदन दिलं. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० मध्ये औरंगाबादला आपल्या मराठवाड्यासाठी महाविद्यालय सुरू झालं, तेच आजचं मिलिंद. पण बाबासाहेबांनी हिशेब मांडायला सुरुवात केली ती पहिली ते चौथीपासून.

आणखी एक गोष्ट. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब ज्यांच्याकडे शिकले आणि ज्यांचा त्यांनी आयुष्यभर आदर केला, ते जॉन ड्युई. अमेरिकेतले एवढे मोठे तत्त्वज्ञ. या ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागोत लहान मुलांची एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. लोकशाही म्हणजे काय, याचा विचार ते मुलांच्या वर्गातून करत होते. बाबासाहेबांच्या गुरूला लहान मुलांना शिकवण्याचं शास्त्र कमीपणाचं वाटलं नाही. ते आपल्याला का वाटावं?

आज ते ८२ कुठे आहेत? पट नोंदणी झाली, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, मुलं शाळेत आली. पण 'असर' २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही असं दिसलं. म्हणजे गळती आता शाळेच्या दाराबाहेर दिसत नाही, ती वर्गाच्या आत होते. मूल बाकावर बसलेलं असतं आणि गळालेलं असतं. १९२७ मध्ये ही गळती मोजून सरकारला जाब विचारणारा माणूस आपल्यातला होता. आज मोजणारे दुसरे, कारणं सांगणारे दुसरे आणि उपाय विकणारेही दुसरे. आपण फक्त मोजले जाणारे.

लिहून झाल्यावर आपण पोहोचतो

२०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातल्या बाबासाहेबांवरच्या व्यंगचित्राचा वाद पेटला. संसदेत आवाज उठला, देशभर आंदोलनं झाली. पुस्तकं तपासायला समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद डॉ. सुखदेव थोरात यांच्याकडे आलं. अमरावती जिल्ह्यातून आलेला, मिलिंदमध्ये शिकलेला आपला माणूस. पण पुस्तक तोपर्यंत कित्येक वर्षं वर्गात शिकवलं जात होतं.

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एससीईआरटीने, शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा जाहीर केला. त्या मसुद्यात मनुस्मृतीतला श्लोक होता. गीतेचे अध्याय आणि मनाचे श्लोक पाठ करण्याची सूचना होती. ज्या राज्यात २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच राज्यात ९७ वर्षांनी ती शाळेच्या मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात उगवली! आपण रस्त्यावर उतरलो, निवेदनं दिली, मंत्र्यांना खुलासे करावे लागले. ती लढाई योग्यच होती.

पण आम्ही विचारतो, तो मसुदा लिहिला जात असताना आपण कुठे होतो? शेकडो पानांचा तो आराखडा आहे. आपण त्यातला एक श्लोक पकडला, कारण त्यावर मनूचं नाव होतं. बाकीच्या पानांवर मुलाने कोणती भाषा बोलावी, 'भारतीय ज्ञानपरंपरा' म्हणजे कोणाचं ज्ञान, व्यवसाय शिक्षण कोणाच्या लेकराला कोणत्या इयत्तेपासून द्यायचं, हे सगळं आहे. तिथे मनूचं नाव लिहिलेलं नाही. नाव नसलेला मनू ओळखायला आराखडा वाचण्याचं शास्त्र लागतं. बाप-आजोबांच्या धंद्याकडे मूल 'कौशल्य' या गोड शब्दाने कसं वळवलं जातं, हे ओळखायला अभ्यासक्रमाचा इतिहास माहीत असावा लागतो. हे काम घोषणेने होत नाही.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये आला, जूनमध्ये दुरुस्त झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. पुन्हा समिती, आणि पुन्हा अध्यक्ष आपलेच डॉ. नरेंद्र जाधव. पण बघा, आग लागल्यावर ज्यांना बोलवायचं अशी एक-दोन माणसं आपल्याकडे आहेत. तालुक्या-तालुक्यात, डाएटमध्ये, बालभारतीच्या विषय समित्यांत, जिथे पहिली ओळ लिहिली जाते तिथे बसणारी शे-दोनशे माणसं आपल्याकडे नाहीत. एक थोरात, एक जाधव यांच्यावर सगळा समाज किती दिवस विसंबणार?

या पदवीत असतं काय?

२००६ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केलं. दिगंतर, एकलव्य, विद्या भवन सोसायटी, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशा संस्था त्यात सोबत होत्या. काम सोडून दोन वर्षं मुंबईत राहणं ज्यांना शक्य नाही अशा शिक्षकांचा आणि कार्यकर्त्यांचा त्यात विचार केला होता. काही आठवडे संस्थेत येऊन शिकायचं आणि बाकीचं आपल्या गावी राहून. पुढे या अभ्यासक्रमाचं रूप बदलत गेलं. आज शिक्षणातलं एम.ए. टिसमध्ये आहे, अझीम प्रेमजी विद्यापीठात आहे, मुक्त विद्यापीठांतही आहे. दोन वर्षांच्या एम.एड.मध्ये प्राथमिक शिक्षण हा विशेष विषय घेता येतो.

त्यात शिकवतात काय? मूल कसं शिकतं. भाषा आणि जात, भाषा आणि वर्ग यांचं नातं काय. गणित मुलाच्या डोक्यात कसं घडतं. पाठ्यपुस्तक कसं तपासायचं. शाळा विषमता कमी करते की पुढच्या पिढीला सोपवते. आणि संशोधन कसं करायचं.

हे पुस्तकी वाटत असेल तर पुसेगावच्या वर्गात या. पहिलीतलं लेकरू म्हणतं, "काहून?" गुरुजी म्हणतात, "असं बोलू नये, 'का' म्हण." तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, वर्गात गप्प बसतं आणि त्याच्या नावापुढे 'अप्रगत' असा शेरा पडतो. ज्याने या विषयाचा अभ्यास केला आहे, त्याला माहीत असतं की मुलाची घरची भाषा हा त्याच्या शिकण्याचा पाया आहे. ती 'अशुद्ध' ठरवली की मूल बोलणं थांबवतं, आणि बोलणं थांबलेलं मूल वाचायला शिकत नाही. शुद्ध-अशुद्ध हा शब्द आधी विहिरीवर होता, मग तो फळ्यावर आला. विहिरीवर आपण तो ओळखला, फळ्यावर अजून ओळखत नाही.

दुसरं उदाहरण घ्या. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरू चार-पाच महिने शाळेबाहेर जातं. परत आलं की मागे पडलेलं असतं. अहवालात कारण लिहितात 'पालकांची उदासीनता'. हीच आई बाजारात हळदीचा भाव, रोजाचा हिशेब, मुकादमाच्या उचलीचा हिशेब तोंडी करते आणि तिचं लेकरू बाजूला उभं राहून तो ऐकतं. या लेकराला गणित येत नाही, की शाळेला त्याचं गणित ओळखता येत नाही? हा प्रश्न संशोधनाचा विषय होऊ शकतो. तो आपल्या घरातून आलेला संशोधकच विचारेल, कारण तो हिशेब त्याने ऐकलेला असतो.

येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या आया-बहिणी शाळेत काय सोसून शिकल्या हे जगाच्या ज्ञानात आलं, कारण आपल्यातल्या एकीने ते शास्त्र हातात घेतलं.

शाळा बंद करणाऱ्यांना उत्तर कोण देणार?

राज्यात २० किंवा त्याहून कमी पट असलेल्या सुमारे १४ हजार शाळा आहेत. २०२३ मध्ये त्यांची 'समूह शाळा' करण्याचा घाट घातला गेला. ५ सप्टेंबर २०२४ चा, शिक्षक दिनाचा, शासन निर्णय तर असा होता की अशा शाळेत दोनपैकी एक शिक्षक १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी असावा. या शाळा कोणाच्या आहेत? तांड्यांच्या, वाड्यांच्या, पाड्यांच्या, वस्त्यांच्या. तिथून शाळा पाच किलोमीटर दूर गेली की आधी कोणाचं शिक्षण सुटतं? पोरीचं.

सरकार म्हणतं, छोट्या शाळेत मुलांचा विकास होत नाही, त्यांना समवयस्क मिळत नाहीत, खर्च परवडत नाही. ही भाषा शिक्षणशास्त्राची आहे. तिला आपण उत्तर देतो ते भावनेच्या भाषेत. भावना खरी आहे, पण सचिवाच्या टेबलावर ती टिकत नाही. बहुवर्ग अध्यापनावर अभ्यास केलेला, छोट्या शाळेत मुलं कशी शिकतात याची नोंद केलेला, अंतर वाढल्यावर किती पोरी घरी बसल्या हे गावोगाव मोजलेला कार्यकर्ता त्या टेबलासमोर उभा राहिला, तर त्याला 'भावनिक होऊ नका' म्हणता येत नाही. बाबासाहेब कायदेमंडळात १८ आणि ८२ घेऊन उभे राहिले होते.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप नोकरीचा. खोटं सांगणार नाही. फक्त या एम.ए.वर जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. आणि टीईटी लागतेच. पण ज्यांचं डी.एड. झालं आहे आणि जे भरतीची वाट बघत वर्षं घालवत आहेत, त्यांनी पदवीनंतर पुढे हाच विषय का घेऊ नये? शिक्षणशास्त्र हा नेटचा विषय आहे. त्यात जेआरएफ मिळते. अध्यापक विद्यालयात शिकवायला, शैक्षणिक संस्थांत अभ्यास साहित्य तयार करायला, संशोधन करायला पदव्युत्तर पदवी लागते. जे आज सेवेत आहेत त्यांनी तर नक्की करावं. वर्गाचा अनुभव आहे, त्याला शास्त्राची जोड हवी.

दुसरा आक्षेप, हे एनजीओवाल्यांचं काम आहे. बरोबर आहे, आज आहे. संस्थेचा प्रमुख महानगरातला, इंग्रजीत अहवाल लिहिणारा. आणि दहा हजारांवर गावोगाव मोटारसायकलने फिरणारा 'फिल्ड'चा पोरगा आपला. आपल्या पोराला वस्ती माहीत, लेकरं माहीत, भाषा माहीत; पण त्याने आणलेल्या माहितीवर नाव दुसऱ्याचं. ही उतरंड मोडायची असेल तर त्या मैदानातून पळून कसं चालेल? फिल्ड आपलं आहे, तर अहवालही आपणच लिहिला पाहिजे.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि इंग्रजीचा. हा मात्र आक्षेप नाही, हा अन्याय आहे. २०१७ मध्ये टिसने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवरच्या एससी-एसटी विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि भोजन शुल्कातली सवलत बंद केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी संप केला. आपली पोरं तिथे लढली. पण आपल्या गावांत किती जणांना हे माहीत होतं? पोरं दारापर्यंत पोहोचली की फी वाढते, आत गेली की वाचायला सगळं इंग्रजी. ज्या विषयाचा जीवच 'मुलाला त्याच्या भाषेत शिकवा' हा आहे, तो विषय मराठी माणसाला इंग्रजीत शिकावा लागतो, याहून मोठा विनोद कोणता?

मग करायचं काय?

नामांतरासाठी आपण १९७८ पासून १९९४ पर्यंत लढलो. घरं जळाली, माणसं मारली गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळवणारा समाज विद्यापीठात कोणता अभ्यासक्रम चालावा हेही मागू शकतो. आमच्या मागण्या सरळ आहेत.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्राथमिक शिक्षणातलं एम.ए. मराठी माध्यमात सुरू करा, सेवेतल्या शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना गावी राहून करता येईल अशा पद्धतीने. टिसचा तुळजापूरचा परिसर मराठवाड्यातच आहे, तिथेही हा अभ्यासक्रम आणा आणि शुल्काची सवलत पूर्ण द्या. बार्टीने स्पर्धा परीक्षेच्या वर्गांसोबत या विषयाच्या प्रवेश परीक्षेची आणि इंग्रजी वाचनाची तयारी करून घ्यावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे पैसे सत्र संपायच्या आत खात्यावर यावेत, वर्ष संपल्यावर नव्हे. आणि एससीईआरटी, बालभारतीच्या प्रत्येक समितीची यादी जाहीर करा, म्हणजे आमच्या लेकरांचं पुस्तक कोण लिहितं ते आम्हाला कळेल.

सरकारकडे मागतो तसंच समाजाकडेही मागतो. १४ एप्रिलला डीजेवर जो पैसा जातो त्यातला वाटा बाजूला काढा. पाच गावांनी मिळून एका पोरीला या विषयात एम.ए. करायला पाठवा. पाठवताना तिच्याकडून एकच शब्द घ्या, की ती जिथे जाईल तिथे आपल्या शाळेबद्दल लिहील. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी फुल्यांचं हंटर आयोगापुढचं निवेदन आणि बाबासाहेबांचं १२ मार्च १९२७ चं भाषण ठेवा. दर महिन्याला पहिली ते पाचवीचं एक पाठ्यपुस्तक घेऊन बसा. चित्रात कोण आहे, कोण नाही. काम कोण करतं, हुकूम कोण देतं. नावं कोणाची आहेत, हे मांडा आणि लिहून काढा. पदवी मिळेल तेव्हा मिळेल, अभ्यास आजपासून होऊ शकतो.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण नोकरीपुरता करून टाकला आहे. नोकरी हवीच. पण ज्या समाजाला शेकडो वर्षं अक्षर नाकारलं गेलं, त्या समाजाच्या हातात अक्षर शिकवण्याचं शास्त्र नसेल, तर आपण अजूनही दुसऱ्याच्या दारात उभे आहोत. मनूला सगळ्यात जास्त भीती पहिलीच्या वर्गाची होती, म्हणून त्याने आपल्याला तिथे बसूच दिलं नाही. आता आपण बसलो आहोत. पुढचा झगडा फळ्यावर काय लिहायचं ते ठरवण्याचा आहे, आणि त्यासाठी एम.ए. पाहिजे असेल तर ते आपल्याच पोरापोरींनी केलं पाहिजे.

जय भीम! जय फुले, जय सावित्री!